इंपाला मोटारगाडी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागाने १९५८ ते २०२० या काळात, मधला काही काळ वगळता, तयार केलेली मोठ्या आकाराची मोटारगाडी. आफ्रिकेत कळपाने राहणाऱ्या व लांब उड्या मारणाऱ्या एका हरणासारख्या प्राण्यावरून तिला हे नाव देण्यात आले. प्रारंभी ती फक्त दोन दरवाजांची होती. १९५९ पासून चार दरवाजे, बंदिस्त छत व सामानासाठी मागे स्वतंत्र कप्पा असलेली सेदान गाडी हे तिचे मुख्य रूप ठरले. तिच्या एकूण दहा पिढ्या मानल्या जातात. इंपालाचा इतिहास म्हणजे केवळ एका गाडीच्या बाह्यरूपातील बदलांची नोंद नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन कुटुंबाचे राहणीमान, खनिज तेलाचा पुरवठा, वाहनसुरक्षेचे व प्रदूषणाचे कायदे आणि कारखानदारीचे अर्थकारण यांत जे बदल झाले, त्यांचे प्रतिबिंब या एकाच नावाच्या गाडीत उमटलेले दिसते. अमेरिकन मोटारगाड्यांचे नमुने आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच बाजारात येत असल्याने पिढ्यांच्या संदर्भात पुढे दिलेली वर्षे ही सामान्यतः नमुन्याची वर्षे आहेत.

पूर्वपीठिका : शेव्हरोले कंपनी विल्यम ड्युरांट व स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शर्यतपटू लुई शेव्हरोले यांनी १९११ मध्ये स्थापन केली व १९१८ मध्ये ती जनरल मोटर्समध्ये समाविष्ट झाली. आल्फ्रेड स्लोन हे १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. कंपनीच्या निरनिराळ्या विभागांच्या गाड्यांची किंमतीनुसार उतरंड लावण्याचे धोरण त्यांनी अमलात आणले. या उतरंडीत शेव्हरोले सर्वांत खालच्या व कॅडिलॅक सर्वांत वरच्या पायरीवर होती. उत्पन्न वाढेल तसा ग्राहक एकेक पायरी वर चढेल, अशी त्यामागील कल्पना होती. पाँटिअ‍ॅक, ओल्ड्‌समोबिल व ब्यूक या मधल्या पायऱ्या होत.

दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या परिसरात स्वतंत्र घरांच्या वसाहती झपाट्याने वाढल्या. कामाचे ठिकाण, शाळा व बाजारपेठ ही घरापासून दूर गेल्यामुळे मोटारगाडी ही चैनीची वस्तू न राहता घरातील आवश्यक वस्तू बनली. १९५६ च्या कायद्यान्वये सु. ६६,००० किमी. लांबीचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यामुळे लांबच्या प्रवासात सहा माणसे व त्यांचे सामान सहज नेऊ शकेल अशा प्रशस्त गाडीला मागणी येऊ लागली. त्या वेळी कॉर्व्हेट ही दोन आसनी गाडी वगळता शेव्हरोलेच्या सर्व प्रवासी मोटारगाड्या एकाच आकाराच्या असत. सजावट व सोयी यांनुसार त्यांची नावे व किंमती बदलत. ‘पूर्ण आकाराची गाडी’ हा स्वतंत्र वर्ग १९६० नंतर, म्हणजे त्याच विभागाने कॉर्व्हेअर, शेव्ही टू व शेव्हेल या लहान व मध्यम गाड्या काढल्यावर, अस्तित्वात आला.

पहिल्या दोन पिढ्या (१९५८–६०) : ‘कॉर्व्हेट इंपाला’ या नावाची एक गाडी जनरल मोटर्सने १९५६ मध्ये आपल्या फिरत्या प्रदर्शनात मांडली होती. तेच नाव १९५८ मध्ये बेल एअर या मालिकेतील सर्वांत महागड्या नमुन्याला देण्यात आले. हा नमुना दोन दरवाजांचा असून तो पक्क्या व उघडता येणाऱ्या अशा दोन्ही छतांत मिळत असे. पुढील व मागील आसांमधील अंतर (चक्रांतर) सु. २९८ सेंमी. होते. मागील बाजूस प्रत्येक कडेला तीन गोल दिवे बसविलेले होते. ही दिव्यांची तिकडी पुढे या गाडीची ओळख बनली. सहा सिलिंडरांचे एंजिन मूळ किंमतीत मिळे व अधिक दाम दिल्यास आठ सिलिंडरांची एंजिने मिळत. या एंजिनांत सिलिंडरांच्या दोन रांगा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेल्या असतात. त्यांपैकी सर्वांत मोठ्या एंजिनाचे घनफळ सु. ५·७ लि. होते. मागील आसावरील पाट्यांच्या स्प्रिंगांऐवजी चारही चाकांना वेटोळ्या स्प्रिंगा देण्यात आल्यामुळे धक्के कमी बसू लागले. हवेच्या दाबावर चालणारी निलंबन यंत्रणाही जादा किंमतीत देऊ केली होती. पण ती ग्राहकांना फारशी पसंत पडली नाही.

या गाडीचा सांगाडा इंग्रजी ‘एक्स’ अक्षरासारखा होता. मध्यभागी एकत्र येणाऱ्या तुळयांमुळे गाडीचा तळ खाली घेता आला व गाडी बुटकी, आकर्षक दिसू लागली. तथापि प्रवासी कक्षाच्या दोन्ही कडांना सांगाड्याच्या आडव्या तुळया नव्हत्या. त्यामुळे बाजूने धडक बसल्यास संरक्षण फार कमी मिळे. अशा प्रकारे दिखाऊपणा व सुरक्षितता यांमधील विरोध इंपालाच्या जन्मापासूनच तिच्या रचनेत होता.

इंपाला १९५९ मध्ये स्वतंत्र मालिका बनली व तीत चार दरवाजांची सेदान दाखल झाली. चक्रांतर वाढून सु. ३०२ सेंमी. झाले. खर्चात बचत करण्यासाठी जनरल मोटर्सने या वर्षापासून आपल्या पाचही विभागांच्या मोठ्या गाड्यांच्या साट्याचे, म्हणजे सांगाड्यावरील पत्र्याच्या भागाचे, अनेक मूलभूत घटक समाईक केले. त्यामुळे सर्वांत स्वस्त विभागाची गाडीही महागड्या गाडीइतकी ऐसपैस झाली. मागील बाजूचे पंखांसारखे आडवे पसरलेले भाग व त्यांखालील मांजराच्या डोळ्यांसारखे दिवे यांमुळे १९५९ चा नमुना विशेष गाजला. दुसऱ्याच वर्षी हे पंख सौम्य करण्यात आले व गोल दिवे परत आले.

या काळातील जड व भक्कम दिसणारी गाडी सुरक्षित असते, हा समज दीर्घकाळ टिकून होता. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या विमा कंपन्यांच्या संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त एक प्रयोग केला. त्यात १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची मॅलिबू या शेव्हरोलेच्याच दोन गाड्यांची ताशी सु. ६४ किमी. वेगाने समोरासमोर, पण अंशतः बाजूला सरकवून टक्कर घडवून आणली. बेल एअर ही इंपालाचाच सांगाडा व साटा असलेली गाडी होती. तिचा प्रवासी कक्ष चेपला जाऊन चालकाच्या जागी बसविलेल्या पुतळ्याला प्राणघातक ठराव्यात अशा इजा नोंदल्या गेल्या. मॅलिबूचा प्रवासी कक्ष मात्र शाबूत राहिला व तिच्या चालकाला पायाची किरकोळ इजा झाली असती, असे आढळले. पत्र्याची जाडी व गाडीचे वजन यांपेक्षा आघाताची ऊर्जा कोणत्या भागाने शोषावी याची आखणी अधिक महत्त्वाची असते, हे या प्रयोगाने सामान्य लोकांनाही दाखवून दिले.

तिसरी व चौथी पिढी (१९६१–७०) : १९६१ मध्ये गाडीची लांबी व रुंदी थोडी कमी करण्यात आली व पंख पूर्णपणे नाहीसे झाले. कंपनीचे आकल्पप्रमुख हार्ली अर्ल १९५८ मध्ये निवृत्त होऊन बिल मिचेल त्यांच्या जागी आले होते. मिचेल यांचा कल साध्या व रेखीव पृष्ठांकडे होता. त्याच वर्षी ‘सुपर स्पोर्ट’ या नावाने वेगवान गाडीला शोभतील अशा साधनांचा संच आणि सु. ६·७ लि. घनफळाचे एंजिन उपलब्ध झाले. कुटुंबाची गाडी व शर्यतीची गाडी अशा दोन भूमिका एकाच नावाखाली नांदू लागल्या. सहा सिलिंडरांची साधी सेदान घेणारा नोकरदार आणि शक्तिमान एंजिन मागणारा तरुण हे दोघेही तिचे ग्राहक होते.

चौथी पिढी १९६५ मध्ये आली. ‘एक्स’ आकाराच्या सांगाड्याऐवजी आता प्रवासी कक्षाला चारही बाजूंनी वेढणारा परिघीय सांगाडा वापरण्यात आला. बाजूच्या काचांना बाक आला व छताची रेषा मागे उतरती झाली. तीन गतींची स्वयंचलित दंतचक्रपेटीही याच सुमारास मिळू लागली. या एका नमुना वर्षात दहा लाखांहून अधिक इंपाला तयार झाल्या. अमेरिकन मोटारउद्योगात एका नावाच्या गाडीने एका वर्षात गाठलेला हा उच्चांक मानला जातो.

याच वर्षी इंपालाच्या उतरणीचे एक कारणही निर्माण झाले. प्रतिस्पर्धी फोर्ड कंपनीने आपल्या मोठ्या गाडीची एलटीडी ही उंची सजावटीची आवृत्ती काढली. तिला उत्तर म्हणून शेव्हरोलेने इंपालामध्येच ‘कॅप्रिस’ ही जादा सोयींची आवृत्ती दिली व १९६६ मध्ये तिची स्वतंत्र मालिका केली. परिणामी सर्वोच्च स्थान कॅप्रिसकडे गेले. इंपालाखालील बिस्केन व बेल एअर ही नावे अमेरिकेत अनुक्रमे १९७२ व १९७५ नंतर बंद झाल्यावर इंपाला ही शेव्हरोलेच्या मोठ्या गाड्यांत सर्वांत स्वस्त ठरली. सर्वांत वरच्या पायरीपासून सर्वांत खालच्या पायरीपर्यंतचा हा प्रवास अठरा वर्षांत पूर्ण झाला. अमेरिकन मोटारउद्योगात नावांची प्रतिष्ठा अशीच झिजत असे. गाडी तीच राही, पण तिच्यावर नवे नाव बसविले जाई.

सुरक्षिततेचा प्रश्न १९६५ मध्ये ऐरणीवर आला. राल्फ नेडर या वकिलाने त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेअर गाडीच्या रचनेवर कठोर टीका केली होती. त्यानंतर १९६६ मध्ये वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा संमत झाला. १९६७ च्या इंपालात आघात होताच दबून ऊर्जा शोषणारा सुकाणू दंड व दुहेरी मंडलाची ब्रेक यंत्रणा आली; १९६८ पासून पुढील आसनांना खांद्यावरून जाणारे पट्टेही देण्यात आले. यापूर्वी चालकाच्या छातीत सुकाणू दंड घुसून होणारे मृत्यू हे समोरासमोरच्या अपघातांतील एक प्रमुख दुष्परिणाम होते.

या पिढीतील एक दोष उशिरा उघडकीस आला. एंजिन सांगाड्यावर ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते, त्यांतील रबर धातूपासून सुटू लागले. असे झाल्यास वेग वाढविताना एंजिन पिळाच्या प्रेरणेने एका बाजूस उचलले जाई व इंधन नियंत्रित करणारा सांधा ओढला जाऊन गाडीचा वेग चालकाच्या इच्छेविरुद्ध वाढण्याचा धोका उद्‌भवे. १९७१ च्या अखेरीस जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ या काळातील इंपालासह सु. ६७ लाख शेव्हरोले गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. एंजिन उचलले जाऊ नये म्हणून त्याला तारेचा बंध घालणे हा त्यावरील उपाय होता. तोपर्यंतचे ते सर्वांत मोठे परतबोलावणे होते. विक्रीचा उच्चांक गाठणाऱ्या गाडीतील एखादा लहान भाग सदोष निघाला, तर त्याचा धोका लक्षावधी कुटुंबांपर्यंत पोहोचतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

पाचवी पिढी (१९७१–७६) : या पिढीत इंपालाने आपला सर्वांत मोठा आकार गाठला. चक्रांतर सु. ३०९ सेंमी. झाले व १९७६ पर्यंत एकूण लांबी सु. ५·६५ मी. झाली. पुढील चाकांना तबकडी ब्रेक सर्व गाड्यांत देण्यात आले. आकार वाढत असतानाच एंजिनांवर मात्र मर्यादा येऊ लागल्या. १९७० च्या शुद्ध हवा कायद्यान्वये निष्कास वायूंतील प्रदूषक घटक मोठ्या प्रमाणात कमी करणे बंधनकारक झाले. शिसेविरहित किंवा अल्प शिसे असलेल्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१ पासून एंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी करण्यात आले. १९७५ पासून निष्कास नलिकेत उत्प्रेरकी परिवर्तक बसविण्यात आला. या साधनात उत्प्रेरकाच्या साहाय्याने कार्बन मोनॉक्साइड व न जळलेली हायड्रोकार्बने यांचे कमी हानिकारक पदार्थांत रूपांतर होते. शिशामुळे उत्प्रेरक निकामी होत असल्याने अशा गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल आवश्यक असते. शिशाचे हवेतील प्रमाण घटण्यास पुढे याचा फार उपयोग झाला.

एंजिनांची शक्ती मोजण्याची पद्धतही १९७२ मध्ये बदलली. पूर्वी पंखा, निष्कास नलिका इ. साहाय्यक भाग न जोडता मोजलेली स्थूल अश्वशक्ती जाहीर केली जाई. आता गाडीत प्रत्यक्ष बसविलेल्या स्थितीतील निव्वळ अश्वशक्ती दिली जाऊ लागली. त्यामुळे सु. ५·७ लि. च्या एका एंजिनाचा आकडा २४५ वरून १६५ वर आला. ही घट बहुतांशी कागदावरची होती. परंतु आधीचे आकडे किती फुगविलेले होते, हे तिच्यामुळे ग्राहकांच्या लक्षात आले. १९७३ पासून ताशी ८ किमी. वेगाची टक्कर सोसणारे पुढील आघातरोधक दांडे व १९७४ मध्ये तसेच मागील दांडे नियमानुसार बसवावे लागल्याने लांबी व वजन यांत आणखी भर पडली.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा खनिज तेलाचा पुरवठा रोखला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७४ मध्ये देशभर ताशी सु. ८८ किमी. ही वेगमर्यादा लागू झाली. मोठ्या गाड्यांची मागणी एकाएकी घटली व लहान, विशेषतः जपानी, गाड्यांची वाढली. १९७५ च्या ऊर्जा धोरण कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या सर्व मोटारगाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेवर बंधन घातले. १९७८ साठी लिटरला सु. ७·६ किमी. व १९८५ साठी सु. ११·७ किमी. असे लक्ष्य ठरविण्यात आले.

सहावी पिढी (१९७७–८५) : इंपालाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे तांत्रिक परिवर्तन १९७७ मध्ये घडले. चक्रांतर सु. २९५ सेंमी. व लांबी सु. ५·३९ मी. पर्यंत उतरली, गाडीचे वजन सु. ३०० किग्रॅ. कमी झाले. तरीही डोक्यावरची मोकळी जागा, मागील प्रवाशांची पाय ठेवण्याची जागा व सामानाचा कप्पा ही तिन्ही वाढली. पूर्वीच्या गाडीचा बराचसा आकार लांबलचक पुढील भाग, फुगीर कडा व जाड दरवाजे यांतच वाया जात असे. आकल्पकांनी आता बाहेरील आकारापासून सुरुवात न करता आतील माणसांपासून सुरुवात केली, छत उंच केले व कडा सरळ केल्या. दोन्ही दरवाजांमधील खांब नसलेले रूप या वेळी बंद करण्यात आले व खांबामुळे साट्याला अधिक बळकटी आली. सर्वसाधारण गाडीत सु. ४·१ लि. चे सहा सिलिंडरांचे एंजिन असे. जादा किंमतीत ५ व ५·७ लि. ची आठ सिलिंडरांची एंजिने मिळत. याच गाडीच्या कॅप्रिस या आवृत्तीला ‘मोटर ट्रेंड’ या अमेरिकन नियतकालिकाने १९७७ ची उत्कृष्ट मोटारगाडी म्हणून गौरविले. मोठेपणा व उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पिढीने सिद्ध केले.

१९८० मध्ये हवेचा रोध कमी करण्यासाठी पुढील भागाचा उतार वाढविण्यात आला व ‘व्ही’ मांडणीचे सहा सिलिंडरांचे लहान एंजिन देण्यात आले. तथापि खाजगी ग्राहक हळूहळू कमी झाले. वेगळा व मजबूत सांगाडा, मागील चाकांना मिळणारी शक्ती आणि सोपी दुरुस्ती यांमुळे पोलीस खाते व टॅक्सीचालक मात्र या गाडीला पसंती देत राहिले. १९८५ नंतर इंपाला हे नाव बंद करण्यात आले. कॅप्रिस पुढे चालू राहिली.

सातवी पिढी (१९९४–९६) : कॅप्रिसला १९९१ मध्ये गोलसर नवा साटा मिळाला होता. त्याखालील सांगाडा मुख्यतः १९७७ चाच होता. १९९४ मध्ये याच गाडीच्या वेगवान आवृत्तीला ‘इंपाला एसएस’ हे नाव देण्यात आले. ५·७ लि. चे व २६० अश्वशक्तीचे एंजिन, चारही चाकांना तबकडी ब्रेक व रुंद टायर ही तिची वैशिष्ट्ये होत. तीन वर्षांत सु. ७०,००० गाड्या तयार झाल्या. त्या टेक्सस राज्यातील आर्लिंग्टन येथील कारखान्यात तयार होत. मागणी वाढत असतानाच १९९६ च्या अखेरीस तेथील मोठ्या सेदानांचे उत्पादन थांबविण्यात आले व तो कारखाना ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या उंच प्रवासी वाहनांसाठी वापरण्यात आला.

या निर्णयामागील कारण कायद्याच्या रचनेतही होते. १९७५ च्या कायद्याने प्रवासी मोटारगाड्या व हलके ट्रक यांना वेगवेगळे मापदंड लावले होते. १९९६ मध्ये मोटारगाड्यांसाठी सरासरी मर्यादा लिटरला सु. ११·७ किमी., तर हलक्या ट्रकांसाठी केवळ सु. ८·८ किमी. होती. मूलतः हा भेद शेतकरी, बांधकाम व्यावसायिक यांच्या मालवाहू वाहनांचा विचार करून ठेवलेला होता. परंतु ट्रकच्या सांगाड्यावर आसने व छत बसविलेले कौटुंबिक वाहनही ट्रकच्याच वर्गात मोडे. जास्त नफा व सौम्य मर्यादा असा दुहेरी लाभ असल्याने उत्पादक तिकडे वळले. कुटुंबाला मोठी गाडी हवी असण्याची गरज नाहीशी झाली नव्हती. ती सेदानकडून दुसऱ्या वाहनाकडे सरकली होती. इंधन वाचविण्यासाठी केलेल्या कायद्याने मोठी सेदान आक्रसली, पण तिची जागा काही अंशी अधिक इंधन जाळणाऱ्या वाहनांनी घेतली. १९८४ च्या सुमारास क्राइस्लर कंपनीने आणलेल्या लहान व्हॅन गाड्यांनीही कुटुंबवत्सल ग्राहकांचा मोठा भाग आधीच ओढून घेतला होता.

आठवी ते दहावी पिढी (२०००–२०) : २००० मध्ये इंपाला हे नाव पुन्हा वापरात आले, पण गाडीची मूळ रचना पूर्णपणे बदलली होती. वेगळा सांगाडा जाऊन साटा व सांगाडा एकजीव असलेली बांधणी आली, एंजिन आडवे बसविण्यात आले व शक्ती पुढील चाकांना मिळू लागली. त्यामुळे मागील आसापर्यंत जाणारा चालक दंड व त्यासाठी तळाच्या मध्यभागी लागणारा मोठा उंचवटा यांची गरज उरली नाही. चक्रांतर सु. २८१ सेंमी. व लांबी सु. ५·०८ मी. होती. एंजिन सहा सिलिंडरांचे, ३·४ किंवा ३·८ लि. घनफळाचे असे. मागील गोल दिव्यांनी मात्र जुन्या नावाशी नाते राखले. या गाड्या कॅनडातील ओशावा येथे तयार होत.

२००६ च्या नवव्या पिढीत ५·३ लि. चे आठ सिलिंडरांचे एंजिन वेगवान आवृत्तीसाठी परत आले. कमी शक्ती लागत असेल तेव्हा त्यातील चार सिलिंडर आपोआप बंद ठेवले जात. इतर काही एंजिने ८५ टक्क्यांपर्यंत एथिल अल्कोहॉल मिसळलेल्या पेट्रोलवरही चालत. या पिढीतील बऱ्याच गाड्या भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या व शासकीय खाती यांच्याकडे जात. त्यामुळे खप टिकला, तरी खाजगी ग्राहकांच्या दृष्टीने नावाची प्रतिष्ठा घटली. जनरल मोटर्सला १ जून २००९ रोजी दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. शासनाच्या आर्थिक साहाय्याने कंपनीची पुनर्रचना झाली व पाँटिअ‍ॅकसारखे जुने विभाग बंद करण्यात आले.

दहावी पिढी २०१४ चा नमुना म्हणून आली. चक्रांतर सु. २८४ सेंमी. होते. २·५ लि. चे चार सिलिंडरांचे किंवा ३·६ लि. चे सहा सिलिंडरांचे एंजिन मिळे. मोठ्या एंजिनाची शक्ती ३०५ अश्वशक्ती होती. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक घनफळाच्या या एंजिनाची निव्वळ शक्ती १९७२ मधील ५·७ लि. एंजिनाच्या जवळजवळ दुप्पट होती. इंधनाचे अचूक अंतःक्षेपण, झडपांच्या उघडझापीचे परिवर्ती नियंत्रण व इलेक्ट्रॉनिकी व्यवस्था यांमुळे हे शक्य झाले. ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्‌स’ या ग्राहक नियतकालिकाने २०१३ मध्ये आपल्या चाचण्यांत या गाडीला १०० पैकी ९५ गुण देऊन सर्व सेदान गाड्यांत अग्रस्थान दिले. निदान वीस वर्षांत अमेरिकन सेदानला मिळालेला हा पहिलाच असा मान होता. पेट्रोल व दाबयुक्त नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर चालणारी आवृत्तीही काही वर्षे तयार करण्यात आली.

तथापि गुणवत्ता वाढूनही मागणी परतली नाही. उंच आसनांच्या वाहनांकडे ग्राहकांचा ओढा कायम राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने आपल्या अनेक सेदान गाड्या बंद करण्याचे जाहीर केले व २७ फेब्रुवारी २०२० रोजी डिट्रॉइट-हॅमट्रॅम्क येथील कारखान्यातून शेवटची इंपाला बाहेर पडली. त्यानंतर तो कारखाना विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या वाहनांसाठी सज्ज करण्यात आला.

भारताशी संबंध : जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे आयात केलेले भाग जुळवून मोटारगाड्या तयार करण्यास सुरुवात केली होती व शेव्हरोले हे नाव भारतात तेव्हापासून परिचित होते. स्वातंत्र्यानंतर केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना वाव न देण्याचे धोरण शासनाने स्वीकारल्यामुळे इंपालाचा जन्म होण्यापूर्वीच हे काम बंद झाले. पुढील काळात आयातीवर कडक निर्बंध असल्याने इंपाला भारतात फारच थोड्या संख्येने आल्या. अमेरिकेत ती मध्यमवर्गीय कुटुंबाची स्वस्त गाडी होती. मुंबईसारख्या शहरात मात्र ती अतिश्रीमंतीची व ऐटीची खूण ठरली. एकाच वस्तूचा सामाजिक अर्थ तिच्या उपलब्धतेवर किती अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. पुढे पुण्याजवळ तळेगाव येथे २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. तथापि तेथे लहान गाड्याच तयार झाल्या व २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबविली.

मूल्यमापन : बासष्ट वर्षांत इंपालाचा सांगाडा, एंजिनाची मांडणी, शक्ती मिळणारी चाके व आकार हे सर्व बदलले, सहा माणसांचे कुटुंब व त्यांचे सामान सुखरूप नेणे हे मूळ प्रयोजन दीर्घकाळ टिकले. तिच्या बाह्यरूपातील बदल बहुधा विक्रीच्या स्पर्धेतून आले. सुकाणू दंड, पट्टे, शिसेविरहित इंधन व वजनातील घट यांसारखे टिकाऊ फायद्याचे बदल मात्र मुख्यतः कायद्याच्या किंवा तुटवड्याच्या दडपणाखाली झाले. १९७७ व २०१४ या नमुन्यांनी कमी सामग्रीत अधिक सोय देता येते हे दाखविले. परंतु कायद्यातील वर्गवारीने व ग्राहकांच्या बदलत्या आवडीने कौटुंबिक वाहनाची व्याख्याच बदलली, तेव्हा चांगली गाडी असूनही इंपाला टिकली नाही.